भाग २३ : वेबसाइट मोठी झाली तर? डेटाबेस आधी आखणाऱ्यांची गोष्ट

आजचा भाग माझ्याच एका फजितीपासून सुरू करतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी एक वेबसाइट करायला घेतली. हॉस्टेलच्या आसपास दहा-बारा घरगुती मेस होत्या. सगळ्यांचा हिशोब वहीत. आमची आयडिया साधी होती : मुलांनी फोनवरून डबा सांगायचा, गावी जाणार असेल तर सुट्टी टाकायची, महिनाअखेरीस बिल आपोआप निघेल. पहिल्या आठवड्यात आम्ही डेटाबेसवर बोलायला बसलो आणि तिथेच अडकलो. एक जण म्हणाला, "उद्या पुण्यातली सगळी कॉलेजं आली तर?" दुसरा म्हणाला, "मग मुंबईपण येईल." झालं! जवळजवळ अख्खं सेमिस्टर आम्ही लाखो युजर कसे सांभाळायचे यावर भांडत होतो. भिंतीवर सर्व्हरची चित्रं चिकटवली होती. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असा सगळा प्रकार.

डिसेंबरात वेबसाइट सुरू झाली. युजर आले ६१. त्यातले चाळीसेक आमच्याच वर्गातले. सगळा डेटा मिळून फोनमधल्या एका फोटोपेक्षा लहान.

आणि तरीही फेब्रुवारीत आमचा डेटाबेस तोंडावर आपटला. गर्दीमुळे नाही. कशामुळे, ते शेवटी सांगतो. कारण ते नीट कळायला आधी थोडा इतिहास माहीत हवा. वेबसाइट वाढेल की नाही हे माहीत नसताना डेटाबेस किती आखून ठेवायचा, हा प्रश्न आपल्या आधी बऱ्याच जणांना पडलाय. कुणाला त्यातून मार्ग सापडला, कुणाचे हात पोळले.

रॉकेटचे सुटे भाग

गोष्ट सुरू होते १९६० च्या दशकात, अमेरिकेत. चंद्रावर माणूस पाठवायचा होता. सॅटर्न व्ही रॉकेटमध्ये लाखो सुटे भाग. कुठला भाग कशात बसतो, याची यादी सांभाळायला आयबीएमने आयएमएस नावाची सिस्टीम उभी केली. तिच्यात माहिती झाडासारखी ठेवलेली असायची. वर रॉकेट, त्याखाली इंजिन, त्याखाली पंप, त्याखाली स्क्रू. स्क्रू हवा असेल तर प्रोग्रॅमने वरून फांदी-फांदीने खाली उतरायचं.

यात गोम काय? उतरायची वाट प्रोग्रॅममध्येच लिहिलेली. उद्या कुणी विचारलं, "हा स्क्रू आणखी कुठे-कुठे वापरलाय?" तर झाड उलटं चढावं लागणार. आणि माहितीची मांडणी बदलली, तर त्या वाटेने जाणारे सगळे प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे.

आयबीएममध्येच एडगर कॉड नावाचा एक गणिती होता. मूळचा इंग्रज, दुसऱ्या महायुद्धात विमान चालवलेला. १९७० मध्ये त्याने एक शोधनिबंध लिहिला. त्यातलं म्हणणं आज ऐकायला अगदी साधं वाटतं : माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा. वापरणाऱ्याने फक्त 'काय हवंय' ते सांगावं. ते मशीनच्या पोटात कुठे, कसं ठेवलंय हे त्याला माहीत असायची गरज नको. आत मांडणी बदलली तरी बाहेरचा प्रोग्रॅम तसाच चालला पाहिजे.

हे वाक्य लक्षात ठेवा : आत बदललं तरी बाहेर कळू नये. आजच्या पूर्ण भागाचा कणा तोच आहे. आपली वेबसाइट वाढेल का, हे आज सांगता येत नाही. पण उद्या आतलं बदलता येईल अशी जागा सोडता येते.

आयबीएमने घाई केली नाही, कारण आयएमएस चांगली विकली जात होती. तरी त्यांच्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी कॉडच्या कल्पनेवर एक भाषा तयार केली. तीच पुढे एसक्यूएल झाली. १९८१ मध्ये कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आणि आपण आजही कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये 'सिलेक्ट'ने सुरुवात करतो, ती त्याच्याच कृपेने.

एका कॉलेजकुमाराची डायरी

आता एकदम १९९९. ब्रॅड फिट्झपॅट्रिक नावाच्या एका अमेरिकन पोराने मित्रांना आपली खबरबात कळावी म्हणून एक वेबसाइट केली, लाइव्हजर्नल. ऑनलाइन डायरीच म्हणा. आखणी वगैरे काही नाही. सुरुवातीला दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्याची जागा, मग स्वतःचा एक सर्व्हर. वेबसाइट आणि मायएसक्यूएल डेटाबेस, दोघंही एकाच मशीनवर, एका खोलीत राहणाऱ्या रूममेटसारखे.

लोक वाढले. मशीन दमलं. मग दोन मशीन : एकावर वेबसाइट, एकावर डेटाबेस. काही दिवस आराम. पुन्हा गर्दी. वेबसाइटची मशीन वाढवणं सोपं होतं, कारण त्यांच्याकडे साठवलेलं असं काही नसतं. एक बंद पडलं तर दुसरं. पण डेटाबेस? माहिती तर एकच. ती दोन ठिकाणी वेगवेगळी असून चालणार नाही.

मग त्यांनी केलं रेप्लिकेशन. म्हणजे एक मुख्य डेटाबेस, बाकी त्याच्या नकला. लिहायचं फक्त मुख्य मशीनवर, वाचायचं कुठल्याही नकलेवरून. डायरी लिहिणारा एक आणि वाचणारे शंभर, त्यामुळे हा उपाय छान लागू पडला. काही काळ.

पण एक गोष्ट बघा. मुख्य मशीनवर जे लिहिलं जातं, ते प्रत्येक नकलेलाही स्वतःकडे लिहावं लागतं. लिहिणं वाढत गेलं, तशी नकलांची सगळी ताकद लिहून घेण्यातच जायला लागली. वाचणाऱ्यांसाठी वेळच उरेना. वर्गात मास्तर इतक्या भरभर सांगतायत की सगळी मुलं नुसती उतरवून घेतायत, आणि प्रश्नाचं उत्तर द्यायला कुणीच मोकळं नाही, अशी गत. आणखी दहा मुलं वर्गात बसवून काय उपयोग? तीही उतरवतच बसणार.

इथे लाइव्हजर्नलने दोन गोष्टी केल्या, आणि दोन्हींनी पुढचं इंटरनेट बदललं.

पहिली : युजरच वाटून टाकले. हे हजारो युजर या मशीनच्या जोडीवर, ते हजारो त्या जोडीवर. मुख्य डेटाबेसमध्ये फक्त एवढीच नोंद की अमुक युजर कुठल्या गटात आहे. यालाच आज आपण शार्डिंग म्हणतो. शार्ड म्हणजे फुटलेल्या काचेचा तुकडा.

दुसरी : २००३ मध्ये फिट्झपॅट्रिकच्या लक्षात आलं की आपल्या बऱ्याच मशीनमध्ये मेमरी रिकामी पडून आहे. ती सगळी एकत्र करून त्यात वारंवार लागणारी माहिती ठेवली, तर डेटाबेसला दर वेळी उठवायचीच गरज नाही. त्यातून मेमकॅशडी जन्माला आलं. त्याने ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. पुढे विकिपीडिया, फेसबुक, ट्विटर, सगळ्यांनी ते वापरलं.

आता इथे थांबून एक प्रश्न विचारू. युजर वाटून टाकणं लाइव्हजर्नलला जमलं कसं? कारण डायरीचा स्वभावच तसा आहे. माझी पानं माझ्याजवळ, तुझी तुझ्याजवळ. प्रत्येक नोंदीवर 'ही कुणाची' हे लिहिलेलं. त्यामुळे आडवा चाकू फिरवला तरी फार काही तुटत नाही. प्रत्येक वेबसाइटचं नशीब असं नसतं. त्याच सुमारास, २००२ मध्ये फ्रेंडस्टर आली होती. तिथे मित्राच्या मित्राच्या मित्राचं जाळं दाखवायचं होतं, म्हणजे एकाचं पान उघडायला हजारोंची माहिती चाळायची. पान उघडायला चाळीस-चाळीस सेकंद लागायला लागली. गुगलने देऊ केलेले तीन कोटी डॉलर त्यांनी नाकारले होते. लोक कंटाळून मायस्पेसवर आणि मग फेसबुकवर गेले.

फोटो, पिनकोड आणि ६४ खाने

६ ऑक्टोबर २०१०. इन्स्टाग्राम सुरू झालं. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रिगर, दोघंच. सर्व्हर एक, लॉस एंजेलिसमध्ये कुठेतरी, आणि क्रिगरच्या सांगण्यानुसार त्याच्या लॅपटॉपपेक्षाही कमी ताकदीचा. पहिल्याच दिवशी २५ हजार लोकांनी नाव नोंदवलं. सर्व्हरने मान टाकली. त्यातली एक चूक तर मजेशीर होती. ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं ते छोटंसं चित्र असतं ना, ते ठेवायलाच विसरले होते. प्रत्येक ब्राउझर ते मागायचा आणि प्रत्येक वेळी सर्व्हर 'नाही नाही' म्हणत दमायचा.

ते अॅमेझॉनच्या क्लाउडवर गेले. डेटाबेस पोस्टग्रेस. आधी त्यांनी उभे भाग केले : फोटोंचं टेबल एका मशीनवर, बाकीचं दुसऱ्यावर. काही महिन्यांत फोटोंचा डेटाबेसच ६० जीबीच्या पुढे गेला. त्या वेळी अॅमेझॉनवर मिळणाऱ्या सगळ्यात मोठ्या मशीनची मेमरी होती ६८ जीबी. म्हणजे 'आणखी मोठं मशीन घेऊ' हा रस्ता तिथे संपला. आता फोटोंचं टेबलच आडवं कापायचं होतं.

इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. समजा आज तुमच्याकडे दोन मशीन आहेत. सरळ विचार म्हणजे माहितीचे दोन तुकडे करायचे. पण उद्या चार मशीन लागली की? सगळी माहिती पुन्हा मोजून-मापून हलवा. इन्स्टाग्रामने आधीच हजारो कागदी तुकडे केले. 'कागदी' म्हणजे लॉजिकल शार्ड. युजर नंबरला तुकड्यांच्या संख्येने भागायचं, बाकी उरेल तो त्याचा शार्ड. ते हजारो शार्ड सुरुवातीला मोजक्याच मशीनवर दाटीवाटीने ठेवायचे. गर्दी झाली की काही शार्ड उचलून नव्या मशीनवर. युजरचा शार्ड बदलत नाही, फक्त शार्डचं घर बदलतं. आत बदललं, बाहेर कळलं नाही. कॉडसाहेब खूश!

मग प्रश्न आला नंबरांचा. एकच डेटाबेस असताना तोच नंबर वाटतो : १, २, ३, ४. हजारो तुकडे झाल्यावर कोण वाटणार? दोघांनी एकच नंबर दिला तर? फ्लिकरने यासाठी नंबर वाटणारे दोन खास सर्व्हर ठेवले होते. एक विषम नंबर द्यायचा, दुसरा सम. ट्विटरने २०१० मध्ये स्नोफ्लेक नावाची वेगळी सेवा लिहिली. इन्स्टाग्रामच्या मूठभर लोकांना आणखी एक सेवा सांभाळायची नव्हती. त्यांनी नंबरच हुशार केला. ६४ बिट. पहिले ४१ बिट वेळेसाठी, मिलिसेकंदात. पुढचे १३ बिट शार्डचा क्रमांक. शेवटचे १० बिट त्या शार्डमधला चालू आकडा. प्रत्येक शार्ड कुणालाही न विचारता स्वतःच नंबर तयार करणार, तो वेळेच्या क्रमाने लागणार, आणि नंबर बघितला की माहिती कुठे आहे ते कळणार.

ऐकल्यासारखं वाटतंय? वाटणारच, तुमच्या घराच्या पत्त्यात हेच आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे पिनकोड सुरू झाला. तो आखणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी. सहा आकडे : पहिला विभाग, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाची वर्गवारी होणारा जिल्हा, शेवटचे तीन टपाल कार्यालय. ४११ बघितलं की पत्र पुण्याकडे. वर्गवारी करणाऱ्या माणसाला गल्लीचं नाव वाचायची, एवढंच काय, त्या गावची लिपी यायचीही गरज नाही. इन्स्टाग्रामवाल्यांनी हे कुठून उचललं असं मी म्हणत नाही. पण अडचण सारखी असली की शहाणी माणसं सारख्याच उत्तराशी येतात.

एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम सुमारे शंभर कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. तेव्हा तिथे काम करणारी माणसं किती? तेरा.

संपलेले आकडे

आता न आखल्याची गोष्ट. ८ नोव्हेंबर २०१८. बेसकॅम्प ही कंपन्यांची कामं सांभाळणारी वेबसाइट. त्या दिवशी जवळजवळ पाच तास लोकांना आपली माहिती फक्त वाचता येत होती, नवीन काही लिहिता येत नव्हतं. हल्ला नाही, आग नाही. एका टेबलमधले नंबर संपले होते!

नोंदींना नंबर देणारा कॉलम ३२ बिटचा होता. त्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४७,४८३,६४७. दोनशे चौदा कोटींच्या वर. सुरुवातीला कुणाला वाटेल की हे कधी संपणार? संपले. उपाय माहीत होता : कॉलम ६४ बिटचा करा. पण एवढं मोठं टेबल बदलायलाच तास लागतात. गंमत म्हणजे ज्या रेल्स फ्रेमवर्कवर ती वेबसाइट चालते, ते त्याच कंपनीतून जन्मलेलं. आणि त्या फ्रेमवर्कने नव्या टेबलांसाठी ६४ बिट हेच डिफॉल्ट २०१७ मध्येच केलं होतं. जुन्या टेबलाकडे कुणी वळून पाहिलं नाही.

६४ बिटमध्ये किती मावतं? दर सेकंदाला एक कोटी नोंदी केल्या तरी सुमारे २९ हजार वर्षं पुरतील. पहिल्या दिवशी हे निवडायला एक शब्द जास्त टाइप करावा लागतो. नंतर करायला अख्खी वेबसाइट थांबवावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच.

आणि ज्यांनी फार काही केलंच नाही

इथपर्यंत ऐकून कुणी शार्डिंगचं पुस्तक उघडलं असेल तर थांबा. २००८ मध्ये सुरू झालेलं स्टॅक ओव्हरफ्लो आठवा. जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर तिथे दिवसातून चार वेळा जायचा. २०१६ मध्ये त्यांनी आपली सगळी मशीन जाहीर केली. डेटाबेसचे सर्व्हर होते चार. ना हजारो शार्ड, ना क्लाउड. भरपूर मेमरीची मशीन, नीट लावलेले इंडेक्स, जपून लिहिलेल्या क्वेरी आणि मध्ये कॅशे. बस्स.

म्हणजे वाढ सगळ्यांची सारखी नसते, आणि उत्तरही एक नसतं. पण या सगळ्या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. काही निर्णय नंतर बदलता येतात : मशीन मोठं घेणं, इंडेक्स लावणं, कॅशे आणणं, नकला ठेवणं. हे आज केलं नाही तरी चालतं. काही निर्णय माहिती साठत गेली की दगड होतात : नोंदीचा नंबर किती मोठा असेल, प्रत्येक नोंद कुणाची आहे हे तिच्यावर लिहिलंय का, आणि काय कायमचं लिहून ठेवायचं, काय पुसायचं. डोकं खाजवायचं तर इथे खाजवा.

काकूंची वही

आता फेब्रुवारीची गोष्ट.

आमच्या वेबसाइटवर एका काकूंची मेस होती. डबा ६० रुपये. आम्ही मेसच्या टेबलात 'दर' असा एक कॉलम केला होता. बिल म्हणजे डब्यांची संख्या गुणिले दर. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला काकूंनी दर ६५ केला. आणि ज्या क्षणी तो कॉलम बदलला, त्या क्षणी मागचे सगळे महिनेही ६५ च्या दराने मोजले गेले. जानेवारीत २६ दिवस दोन वेळचा डबा घेऊन पूर्ण पैसे भरलेल्या मुलाच्या नावावर अचानक २६० रुपये थकबाकी दिसायला लागली. हॉस्टेलच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "काकू फसवतायत." आम्ही जाऊन बघेपर्यंत दारात आठ-दहा मुलं उभी होती.

काकूंनी काही वाद घातला नाही. आतून वही आणली. जानेवारीचं पान उघडलं. वर ठळक अक्षरात लिहिलेलं : 'डबा ६०'. खाली तारखा आणि बरोबरच्या खुणा. पान उलटलं, फेब्रुवारी, 'डबा ६५'. प्रत्येक महिन्याच्या पानावर त्या महिन्याचा दर. मुलं गप्प झाली. आम्ही त्याहून गप्प.

कोड दुरुस्त करायला दोन दिवस लागले. डब्याच्या नोंदीतच त्या दिवशीचा दर लिहायचा, एवढंच. पण जुने दर आमच्याकडे नव्हतेच, ते आम्ही पुसून टाकले होते. ते काकूंच्या वहीतूनच उतरवून घ्यावे लागले. काकू मात्र परत वेबसाइटवर आल्या नाहीत. "तुमचं चालू द्या रे पोरांनो," म्हणाल्या, "माझी वही बरी आहे."

आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या चौथ्याने, जो फारसा बोलायचा नाही, त्याने ऑक्टोबरातच विचारलं होतं, "दर बदलला तर?" आम्ही बाकीचे तिघं तेव्हा मुंबईचे युजर कुठल्या सर्व्हरवर जातील यावर भांडत होतो. "ते नंतर बघू," म्हणालो.

वेबसाइट वाढते म्हणजे फक्त माणसं वाढतात असं आम्ही धरून चाललो होतो. दिवसही वाढतात. ६१ युजर असले तरी फेब्रुवारी यायचा तो येतोच. तुम्ही आज काही बनवायला घेतलं असेल, दुकानासाठी, क्लाससाठी, गावच्या ग्रंथालयासाठी, तर लाखो युजरचं चित्र काढण्याआधी एकदा ज्याची वही तुम्ही बंद करताय त्याच्याकडे जा. ती वही वाचा. कुठली गोष्ट तो दर पानावर पुन्हा लिहितो ते बघा. आणि तुमच्यातला जो कमी बोलतो, त्याला विचारा.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू, तोवर बॅकअप घेत राहा. नमस्कार!